काही कळत नसेल तर मत द्यायचं की घरी बसायचं?

गेल्या विधानसभेच्या आधीची गोष्ट. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी रविवारी सगळे जमलेले, बलकांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, चहा चाललेला, आणि मामा एकदम बोलला, "ज्यांना राजकारणातलं ओ की ठो कळत नाही त्यांनी मत देऊच नये. गाडी चालवायला लायसन लागतं, टेस्ट द्यावी लागते, मग सरकार निवडायला का नको?" मावशी आत नारळ खोवत होती, तिथूनच तिने विचारलं, "माका तातूंतलें किदेंच कळना, मागीर हांवें वचूंक जाय काय नाका?" (मला त्यातलं काहीच कळत नाही, मग मी जायचं की नको?) कोणी उत्तर दिलं नाही. मावशीने चाळीस वर्षांत एक मतदान चुकवलेलं नाही, आणि मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, कारण याला खरंच गणिती उत्तर आहे, निदान अर्धं तरी.

कायद्याचं आधी पटकन सांगतो. आपल्याकडे मत देणं बंधनकारक नाही. राज्यघटनेच्या मूलभूत कर्तव्यांच्या यादीत मतदान नाही, आणि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात निवडणूक हक्काची व्याख्या करताना मत देण्यासोबत मत न देण्याचा हक्कसुद्धा स्पष्ट लिहिलाय. २०१३ पासून मशीनवर नोटाचं बटण पण आहे. ऑस्ट्रेलियात उलटं, तिथे १९२४ पासून देशाच्या निवडणुकीत मतदान सक्तीचं, नाही गेलात तर दंड. आणि मामाची टेस्ट? ती अमेरिकेत दक्षिणेकडच्या राज्यांत होती, वाचता येतं का बघायची परीक्षा म्हणून, आणि तिचा खरा वापर काळ्या लोकांना मतदानापासून लांब ठेवायला व्हायचा, १९६५ च्या कायद्यानंतर ती बंद पडली. आपल्या देशाने १९५१-५२ ला पहिली सार्वत्रिक निवडणूक घेतली तेव्हा साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणून तर प्रत्येक उमेदवाराच्या वेगळ्या मतपेटीवर निशाणी आली. ती टेस्ट तेव्हा लावली असती तर देशातले पाचातले चार लोक बाहेर राहिले असते.

आता मला आवडणारा भाग, इथे जरा वेळ द्या.

फ्रान्समध्ये कोंदोर्से नावाचा गणितज्ञ होता, बायकांना मताचा हक्क पाहिजे असं १७९० साली लिहिणारा माणूस. त्याने १७८५ मध्ये एक साधा हिशोब मांडला. समजा दोन पर्यायांतला एक खरोखर चांगला आहे आणि प्रत्येक माणूस बरोबर निवडण्याची शक्यता ६० टक्के, म्हणजे नाण्यापेक्षा जराशीच बरी. एकटा माणूस १०० पैकी ६० वेळा बरोबर. तिघांनी बहुमताने ठरवलं तर जवळपास ६५ वेळा, अकरा जणांनी ठरवलं तर ७५ वेळा, आणि १०१ जणांनी ठरवलं तर ९८ वेळा! कोणीही हुशार झालेला नाही, फक्त माणसं वाढली. पण हाच हिशोब उलटा पण चालतो, प्रत्येकाची शक्यता ६० ऐवजी ४० असेल तर त्याच १०१ जणांचं बहुमत १०० पैकी फक्त दोनच वेळा बरोबर येणार. गर्दी जे असेल ते मोठं करते, शहाणपण असो की चूक.

मग ज्याला काहीच कळत नाही, म्हणजे अगदी ५० टक्के, त्याचं काय? हे समजायला नाणं घ्या. १०० जणांनी नाणं उडवलं तर बरोबर ५०-५० क्वचित येतं, छापा आणि काटा यांच्यात साधारण १० चा फरक पडतो. १०,००० जणांनी उडवलं तर फरक साधारण १०० चा. बघा, माणसं शंभरपट वाढली पण गोंधळ दहापटच वाढला, कारण गोंधळ वर्गमुळाच्या चालीने वाढतो, आंधळी मतं एकमेकांना खाऊन टाकतात. जाणून दिलेली मतं मात्र सरळ बेरजेने वाढतात. वर्गमूळ विरुद्ध बेरीज, सगळी गंमत एवढ्यातच आहे.

आपल्याकडचा मतदारसंघ धरा, गोव्यात ते लहान असतात, समजा २१,००० मतं पडली. त्यातले २०,००० लोक अक्षरशः नाणं उडवून आले आणि फक्त १,००० जणांनी विचार केला, ते पण सगळे एकमत नाहीत, ६५० चांगल्या उमेदवाराला आणि ३५० दुसऱ्याला. म्हणजे जाणत्यांची आघाडी ३०० ची. २०,००० नाण्यांचा गोंधळ किती, तर २०,००० चं वर्गमूळ, साधारण १४१. तीनशे हा त्याच्या दुपटीपेक्षा जास्त, म्हणून चांगला उमेदवार १०० पैकी ९८ वेळा निवडून येतो. वीस हजार अजाण आणि एक हजार जाणते, तरी ९८! मी हे पहिल्यांदा कागदावर केलं तेव्हा परत दोनदा तपासलं.

हे नुसतं कागदावरचं नाही. १९०६ साली इंग्लंडमध्ये प्लिमथच्या जत्रेत बैलाचं कापून साफ केल्यावरचं वजन ओळखायची स्पर्धा होती. फ्रान्सिस गाल्टन या संख्याशास्त्रज्ञाने ती तिकिटं नंतर मिळवली, ७८७ वाचता येण्यासारखी निघाली, त्यात खाटीक होते, शेतकरी होते आणि ज्यांना बैलातलं काही कळत नाही असे पण होते. सगळे अंदाज ओळीने लावून मधला घेतला तर १,२०७ पौंड, खरं वजन १,१९८, एक टक्कासुद्धा चूक नाही. सामान्य लोकांच्या अकलेवर गाल्टनचा अजिबात विश्वास नव्हता, तरी पुढच्या वर्षी त्याने स्वतःच ते छापलं, ह्याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

आता पुढचं मात्र नीट वाचा, कारण सगळं इथे उलटतं. वरच्या हिशोबात नाणी खरी होती. समजा त्या २०,००० जणांचं नाणं किंचित वाकडं आहे, ५० ऐवजी ५१ टक्के लोक चुकीच्या उमेदवाराकडे झुकतात. फक्त एक टक्का. पण १०,२०० विरुद्ध ९,८०० झाले, चारशेचा फरक, जाणत्यांचे तीनशे त्यात बुडाले. आता चांगला उमेदवार जिंकायची शक्यता चारात एक सुद्धा राहिली नाही. ९८ वरून २४ वर, एका टक्क्याने! कारण झुकाव वर्गमुळाने वाढत नाही, तो पण बेरजेनेच वाढतो.

आणि नाणं वाकडं व्हायला काय लागतं? फारसं काही नाही. यादीत वरती नाव असलं की थोडी मतं जास्त मिळतात हे बऱ्याच देशांत मोजलेलं आहे, ऑस्ट्रेलियात तर सरळ वरून खाली पसंतीक्रमाचे आकडे टाकत जाणाऱ्या मताला गाढव-मत असं नावच आहे. मग एकच खोटा व्हिडिओ सकाळपासून प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असेल तर काय होणार ते सांगायलाच नको. ज्याला काही माहीत नाही त्याची चूक त्याची स्वतःची असते, शेजाऱ्याच्या चुकीला ती काटते. ज्याला चुकीचं माहीत आहे आणि तेच चुकीचं गावभर माहीत आहे, त्यांची चूक एकमेकांच्या खांद्यावर चढते. मामाला भीती वाटते ती पहिल्या माणसाची, पण धोका आहे तो दुसऱ्यापासून, आणि हा दुसरा माणूस मामाच्या टेस्टमध्ये आरामात पास होईल, बातम्या तर तो दिवसभर बघतो.

इथे कौलाबद्दल बोललं पाहिजे. आपल्याकडे देवाला कौल लावतात, मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. निवडणुकीच्या निकालाला पण आपण जनतेचा कौल म्हणतो. ज्याची श्रद्धा त्याच्यापाशी, पण कुठली पाकळी आधी सुटेल हे पाणी कुठे लवकर सुकलं त्यावर ठरतं, आणि कोणाला मत द्यायचं हे जर कोणी पाकळीला विचारत असेल तर ते नाणंच झालं. उमेदवारांच्या शपथांचं तर विचारूच नका. २०२२ च्या जानेवारीत एका पक्षाच्या उमेदवारांनी पक्ष सोडणार नाही म्हणून देवळात, क्रॉसपुढे आणि दर्ग्यात शपथा घेतल्या, सप्टेंबरमध्ये त्यांच्या निवडून आलेल्या ११ पैकी ८ आमदार दुसऱ्या पक्षात होते. देवाच्या नावावर दिलेली ग्वाही ही माहिती नव्हे, आणि तिच्यावर भरवसा ठेवून मत देणारे हजारो लोक एकाच दिशेने चुकतात, म्हणजे परत तेच वाकडं नाणं.

आता मामाच्या बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा, तो लपवणं बरोबर नाही. फेडरसन आणि पेसेनडॉर्फर या दोन अभ्यासकांनी १९९६ मध्ये दाखवलं की अजाण मतदाराने घरी बसणं हे कधीकधी त्याच्याच फायद्याचं असतं. विचार असा, की तुमच्या एका मताने निकाल बदलतो तो कधी? बाकीची मतं बरोबरीत असतील किंवा एकाचाच फरक असेल तेव्हाच. बाकीच्यांत जाणते असतील तर तो एकाचा फरक बहुतेक बरोबर बाजूला पडलेला असणार, आणि तुम्ही नाणं उडवून मत टाकलं तर निम्म्या वेळा तो पुसून टाकता. त्यापेक्षा जाणत्यावर सोडा. (इथे खेळ-सिद्धांत, म्हणजे बाकीचे काय करतील ते धरून आपली चाल ठरवायचं गणित लागतं, जड वाटलं तर हा परिच्छेद सोडून पुढे गेलात तरी चालेल.) आणि गोव्यात हे नुसतं थिअरीतलं नाही. २०२२ ला सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला. ५,००० जण नाणं उडवून आले तर त्यांचा गोंधळ साधारण ७१ मतांचा. म्हणजे आपल्या लहान मतदारसंघांत चुरस असली की आंधळी मतं खरंच निकाल फिरवू शकतात, मोठ्या राज्यांपेक्षा इथे जास्त.

पण त्या हिशोबात एक गोष्ट गृहीत धरलीय, की जाणता आणि अजाण दोघांना एकच पाहिजे. माझं इथेच अडतं. मावशीला जीडीपी म्हणजे काय ते माहीत नाही, पण आमच्या खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीचा, बांध फुटून खारं पाणी शेतात घुसलं तेव्हा कोण चिखलात उतरून बघायला आलं आणि कोण रस्त्यावरून गाडीची काच खाली करून गेलं ते तिला तारखेसकट माहीत आहे. पणजीत बसलेल्या अभ्यासू माणसाला तो बांध माहीत नाही आणि त्याचं त्याच्यावाचून अडत पण नाही. मावशीसारखे सगळे घरी बसले तर बांध कोणाच्याच हिशोबात येणार नाही. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे हे खरंच आहे, आणि पेपरात ते कळत नाही.

अजून एक प्रयोग सांगतो, आपण मासेवाले लोक म्हणून. प्राण्यांच्या कळपांचा अभ्यास करणारा इयान कझिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये माशांचा कळप घेतला, काहींना निळ्या खुणेकडे जायला शिकवलं, थोड्या कमी माशांना पिवळ्याकडे. त्या माशांना मुळातच पिवळ्याची ओढ जास्त, त्यामुळे पिवळेवाले कमी असून हट्टाने सगळा कळप आपल्याकडे ओढून न्यायचे. मग त्यांनी कळपात काहीच न शिकवलेले मासे सोडले, आणि कळप परत बहुमताकडे, निळ्याकडे जायला लागला. ज्यांचं काहीच मत नव्हतं ते आजूबाजूला जास्त जण जिकडे तिकडे वळत होते, आणि त्यातून हट्टी अल्पमताचा जोर मोडला. मासे म्हणजे मतदार नव्हेत, पण कोऱ्या पाटीच्या माणसाचा उपयोग शून्य असतो ही समजूत तरी यातून सुटते.

आणि आपले लोक नाणं उडवतात हेच मुळात खरं नाही. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल घ्या. गोव्यात तेव्हा कितीतरी लोकांना वाचता येत नव्हतं, कागदावर फूल आणि दोन पानं, फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे वेगळं राहायचं. दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०, फरक ३४,०२१. काय व्हायला हवं होतं हा वाद आपल्या घराघरांत अजून चालतो, तो इथे नको, फक्त हिशोब करूया. एवढ्या लोकांनी नाणं उडवलं असतं तर फरक साधारण ५५७ चा आला असता. आला त्याच्या एकसष्टपट. हे नशिबाने होत नाही. ज्यांना सही करता येत नव्हती त्यांनी पण दोन्ही बाजूंनी जाणूनबुजून शिक्का मारला.

तर त्या रविवारी मी मावशीला जा किंवा जाऊ नको असं काहीच सांगितलं नाही. प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं त्यात असतं आणि निवडणूक आयोगाच्या साइटवर कोणालाही बघता येतं. मी आमच्या मतदारसंघातली तीन उघडून मोबाईल तिच्या हातात दिला, अक्षरं मोठी करून. तिने हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला बसली. पाऊण तास गेला, चहा गार झाला. तिसऱ्याचं अर्धं झालं तेव्हा तिने मान वर करून मामाला विचारलं, "तुवें हें वाचलां?"

मामाने वाचलं नव्हतं. तो उठून तिच्या बाजूला येऊन बसला.