उपग्रह एक, बोलणारे अनेक

देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण, गांधीनगरला लष्करी वैमानिकांचं, ओझरला लढाऊ विमानं. नाशिकला लष्कर नवं नाही. पण उपग्रहावरून बोलायची जागा कोणाला आणि किती द्यायची, या प्रश्नाकडे आपलं लक्ष क्वचितच जातं. तो प्रश्न जुना आहे.

1978 साली अमेरिकेने फ्लटसॅटकॉम या लष्करी संपर्क-उपग्रहांच्या मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. त्यावर 23 चॅनेल, म्हणजे बोलण्याच्या वाटा, होते. बहुतेक चॅनेल एकेका गटाच्या नावे राखून ठेवलेले असत. गट बोलत नसला तरी चॅनेल अडकलेलाच, आणि बाहेर ताटकळणाऱ्यांची रांग.

यावर उपाय निघाला तो 'डामा', म्हणजे मागणीनुसार वाटप. आपल्या बागलाण-कळवणकडच्या फड पद्धतीत पाटकरी पाळी लावून पाणी सोडतो, तसंच हे. 25 किलोहर्ट्‌झच्या चॅनेलवर साधारण 1.4 सेकंदांची चौकट धरायची, तिचे छोटे स्लॉट, म्हणजे वेळेचे तुकडे, पाडायचे. जवानाचा रेडिओ सेट नियंत्रण केंद्राकडे जागा मागतो, केंद्र स्लॉट देतं, बोलणं संपलं की स्लॉट परत. आवाज सेकंदाला 2,400 बिट्सपर्यंत दाबला की एकाच चॅनेलवर अनेक संभाषणं मावतात. मात्र तातडीचा कॉल आला की खालच्या दर्जाचा कॉल तोडला जातो. शिवाय 36,000 किलोमीटर वर जाऊन खाली येण्यातच पाव सेकंद जातो, त्यात आपल्या स्लॉटची वाट पाहणं आलं. लढाईत हा उशीर जाणवतोच. तरीही 1990 च्या दशकात अमेरिकेने हीच पद्धत रुजवली, आणि माझ्या मते ते योग्यच होतं.

आपल्याकडे नौदलाचा रुक्मिणी, म्हणजे जीसॅट-7, 30 ऑगस्ट 2013 ला गेला. हवाई दलासाठीचा जीसॅट-7ए 19 डिसेंबर 2018 ला. त्यावर थलसेनेच्या हवाई शाखेलाही वाटा आहे. थलसेनेच्या स्वतंत्र उपग्रहाचा सुमारे 2,963 कोटींचा करार मार्च 2023 मध्ये झाला.

उपग्रह वाढतायत हे चांगलंच. पण मला काळजी वाटते ती जमिनीवरच्या सेटची. तिन्ही दलांचे सेट एका नियमाने बोलत नसतील, तर एकाचा रिकामा स्लॉट दुसऱ्याला देताच येणार नाही. अमेरिकेने 2012 पासून मोबाइल फोनच्या तंत्रावर चालणारे मुओस उपग्रह सोडले, तेव्हा ते वापरू शकणारे सेटच पुरेसे तयार नव्हते. त्यामुळे कितीतरी वर्षं जुन्या चॅनेलांवरच काम भागवावं लागलं.