राखीव आसन आणि प्राधान्य आसन

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील प्रवासी कधी कर्नाटकाच्या बसने जातो, तर कधी कोल्हापूरच्या एसटीने, आणि खिडकीवर काही लिहिलेले असेल त्या प्रत्येक आसनाला सरसकट ‘रिझर्व्ह’ म्हणतो. त्यामुळे दोन भिन्न तरतुदी एकत्र मिसळतात आणि भांडणे होतात.

राखीव आसन वर्ग पाहून दिलेले असते. एसटीत महिला, अपंग, ज्येष्ठ नागरिक, इतकेच काय, आमदारांसाठीही अशी आसने असतात (आमदार त्यावर बसलेले फारसे कोणी पाहिले नसतील, हा भाग वेगळा). त्या वर्गातील व्यक्तीने आसन मागताना कारण सांगायचे नसते. जागा रिकामी करून देणे हे वाहकाचे काम असते.

प्राधान्य आसनावर मात्र कोणीही बसावे, पण गरजू प्रवासी येताच उठावे, अशी अपेक्षा असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार १ मार्च २०२० पासून नव्या बसगाड्यांत अपंगांसाठी अशी आसने, त्यांवरील चिन्हे, आधाराचे दांडे आणि कुबड्या ठेवण्याची सोय आवश्यक ठरली. येथे कसोटी गरजेची असते आणि गरज नेहमी दिसतेच असे नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला तरुण धडधाकटच वाटतो. म्हणून येथे मागणाऱ्याने बोलावे लागते. अमेरिकेत १९९० च्या अपंगविषयक कायद्याखालील नियमांनुसार चालकाने बसलेल्या प्रवाशाला उठण्याची विनंती केलीच पाहिजे, परंतु बळाने उठवण्याचे बंधन त्याच्यावर नाही.

खरा गुंता दोन्ही तरतुदी एकाच गाडीत आल्यावर होतो. कर्नाटकात ११ जून २०२३ रोजी ‘शक्ती’ योजना सुरू झाली, तेव्हा महिलांचा प्रवास मोफत करतानाच साध्या गाड्यांतील निम्मी आसने पुरुषांसाठी राखण्याचे ठरले. अशा आसनावर बसलेला विशीतला मुलगा समोरच्या आजींना जागा देईल तर ते त्याचे सौजन्य. तेथे त्यांचा हक्क पोहोचत नाही. महिलांच्या आसनावरील तरुणीपुढे काठी टेकून उभ्या असलेल्या आजोबांनाही हेच लागू होते. दोघांनीही आधी प्राधान्य आसनाकडे जावे.

मोफत तिकीट असलेल्या बाईने उभे राहावे, हा शेरा तर सर्वस्वी निराधार आहे, कारण सवलत भाड्यात असते, आसनात नव्हे. एसटीचे महिलांसाठीचे अर्धे तिकीटही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतेच चालते, म्हणून सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढे, कर्नाटकात, भाडे पूर्ण द्यावे लागते. त्या गाडीतील महिलांचे आसन तेथेही महिलांचेच असते.