ऑटिझम: बाळपणापासून म्हातारपणापर्यंतचं नवं संशोधन

ऑटिझम किंवा स्वमग्नता म्हणजे मेंदूची वाढच वेगळ्या पद्धतीने होणं, तो जन्मापासून असतो आणि आयुष्यभर राहतो. तरी नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोडला थेरपी सेंटरच्या पाट्या बघा, बहुतेक लहान मुलांसाठीच्याच, आणि जगभरातलं संशोधनही बरीच वर्षं तिथेच थांबलेलं होतं. १९४३ मध्ये बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ज्या ११ मुलांचं वर्णन छापलं त्यातला पहिला, डोनाल्ड ट्रिपलेट, पुढे बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, देशोदेशी फिरला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी गेला.

कारणांबद्दल आधी स्पष्ट सांगायला हवं. लसीमुळे ऑटिझम होतो असं सुचवणारा १९९८ चा पेपर तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतलाय. गरोदरपणात पॅरासिटामॉल घेतल्याने होतो म्हणतात, त्यावर स्वीडनमध्ये जवळपास २५ लाख मुलांचा अभ्यास २०२४ मध्ये आला, त्यात सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर संबंध दिसला नाही, म्हणून कृपया कुठल्याही आईला दोष देऊ नका. मोठा वाटा जनुकांचा आहे, पण एकच एक जनुक नाही. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या टीमने ५००० हून जास्त मुलांची माहिती तपासून ४ गट काढले, त्यातल्या एका गटात निदान उशिरा होतं आणि त्यांच्यात बदललेली जनुकंही जन्मानंतर जास्त काम करणारी निघाली.

आपल्यासाठी सगळ्यात कामाचा अभ्यास मात्र गोव्याचा वाटतो. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगाथ संस्थेने तिथे, आणि पाकिस्तानात रावळपिंडीत तिथल्या टीमने, डॉक्टर नसलेल्या पण ट्रेनिंग दिलेल्या कार्यकर्त्यांना घरोघरी पाठवलं, आईवडील मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायचा, तो त्यांनाच दाखवायचा आणि मूल कुठे प्रतिसाद देतं ते मिळून शोधायचं. २०१६ मध्ये निकाल आला, आईवडील आणि मुलांमधला संवाद खरंच सुधारला. सुरगाणा, पेठकडच्या पालकांना थेरपीसाठी दर आठवड्याला नाशिक गाठणं परवडत नाही, तिथे असं काहीतरी व्हायला पाहिजे.

आवाज, उजेड, स्पर्श जास्त किंवा कमी जाणवणं हे २०१३ पासून निदानाच्या निकषांत आलंय. मिरवणुकीत नाशिक ढोल सुरू झाला की कानावर हात ठेवून पळणारं पोर हट्टी नसतं, त्याला खरंच सहन होत नाही, आणि ऑटिस्टिक मोठ्या माणसालाही होत नाही, तो फक्त दाबून ठेवतो. बायका तर हे इतकं लपवतात की कित्येकींचं निदान पस्तिशी-चाळिशीत होतं.

१८ नंतर कागदपत्रं बदलतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे, यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र मिळतं, आणि गरज असेल तर कायदेशीर पालकत्वासाठी कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करावा लागतो.

म्हातारपणाबद्दल आत्ता कुठे बघायला लागलेत. २०२५ च्या एका ब्रिटिश आढाव्यात अंदाज आहे की तिथे ४० ते ५९ वयाच्या ऑटिस्टिक लोकांपैकी सुमारे ८९ टक्के आणि साठीपुढच्या सुमारे ९७ टक्के लोकांचं निदानच झालेलं नाही. या वयात निदान करायचं तर लहानपणची माहिती लागते, आईवडील नसले की थोरल्या बहिणीला, मावशीला विचारावं लागतं, जुनी प्रगतिपुस्तकं असली तर तीही घेऊन जावीत.