पक्षनिष्ठा: "आम्ही अमक्या पक्षाचे" म्हणजे नेमकं काय

मतदार स्वतःला एखाद्या पक्षाचा समजतो त्याला पक्षनिष्ठा म्हणायचं. नुसतं मत देणं वेगळं आणि "आमचं घर काँग्रेसचं", "आम्ही लाल बावट्याचे", "मी कट्टर शिवसैनिक" असं सांगणं वेगळं, कारण पहिलं पाच वर्षांतून एका दिवसाचं काम आहे आणि दुसरं जवळजवळ आडनावासारखं चिकटलेलं असतं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या कॅम्पबेल, कॉन्व्हर्स, मिलर आणि स्टोक्स या चौघांनी १९६० साली हे नीट मांडलं. माणूस पक्ष घरातूनच उचलतो, साधारण धर्म उचलतो तसा, आणि मग उमेदवार, बातम्या, भाषणं सगळं त्याच चष्म्यातून बघतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे १९८१ मध्ये मॉरिस फियोरिना यांनी सांगितलं की एवढं काही आंधळं नसतं, मतदार मनात एक हिशेब ठेवून असतो, वाण्याच्या उधारीच्या वहीसारखा, पक्षाने काय दिलं काय बुडवलं ते त्यात चढत-उतरत जातं आणि शिल्लक राहते ती निष्ठा. महाराष्ट्रात बघितलं तर दोन्ही खरं वाटतं, फक्त इथे पक्ष थेट घरात येत नाही, तो कारखान्यातून, शाखेतून, एखाद्या जुन्या संपातून नाहीतर एखाद्या माणसातून येतो.

पक्ष करतो काय

पुस्तकातलं उत्तर म्हणजे उमेदवार निवडणं, लोकांचे प्रश्न गोळा करून जाहीरनाम्यात घालणं, सरकार बनवणं आणि नाही बनलं तर विरोधात बसणं. गंमत अशी की मूळ राज्यघटनेत राजकीय पक्ष हा शब्द कुठे नव्हताच, तो आला १९८५ साली पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टातून, म्हणजे घटनेने पक्षाची दखल घेतली तीच मुळी लोक पक्ष सोडून पळतात म्हणून.

प्रत्यक्षात पक्षाची ताकद बघायची तर अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी निवडणूक कार्यालयाबाहेर उभं राहावं. दुपारी तीनची वेळ असते, आणि ज्याच्या हातात एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने उमेदवारी दिल्याचा कागद, तोच पक्षाचा उमेदवार, बाकी वीस वर्षं सतरंज्या उचललेला कार्यकर्ता त्या क्षणी अपक्ष होतो. आणि मतदाराच्या बाजूने पक्ष म्हणजे मतदान केंद्रापासून लांब मांडलेलं ते टेबल, त्यावर मतदारयादीचे कागद, घामाघूम झालेली दोन पोरं, आणि "काकू तुमचा नंबर ४१२, खोली नंबर दोन" असं सांगून हातात दिलेली चिठ्ठी. कोणत्या टेबलावर चिठ्ठी घ्यायची ह्यावरून अख्ख्या गल्लीला कळतं तुम्ही कुणाचे, म्हणून हुशार लोक घरूनच चिठ्ठी घेऊन निघतात.

एक मात्र लक्षात ठेवायचं, ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. तिथे पॅनेल असतात, आणि गावात विचारलं तर लोक पक्षाच्या आधी "आमचा गट" म्हणतात. गट पक्का असतो, गटाचा पक्ष बदलू शकतो. हे समजलं नाही की मुंबईत बसून केलेले निम्मे अंदाज चुकतात.

चिन्ह

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुतेक मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी आणि तिच्यावर त्याचं चिन्ह अशी सोय केली होती. त्यातल्या लाखो पेट्या गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात बनल्या. तेव्हापासून पक्ष म्हणजे चित्र हे डोक्यात बसलं ते बसलंच. काँग्रेसची बैलजोडी, जनसंघाची पणती, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा आणि नंतर रिपब्लिकनांचा हत्ती, शेतकरी कामगार पक्षाचा म्हणजे शेकापचा खटारा. १९६९ ला काँग्रेस फुटली, बैलजोडी गोठली म्हणजे कुणालाच मिळाली नाही, इंदिरा गांधींकडे गाय-वासरू आलं आणि १९७८ मध्ये हात. माझी आजी शेवटपर्यंत हाताचा पंजा दाखवून "गाय-वासरावर मारलं" असं सांगायची आणि तिचं मत बरोबर जागीच पडायचं. आजही मतदान यंत्रावर उमेदवाराचं नाव, फोटो आणि चिन्ह असतं, पक्षाचं नाव नसतं. तेव्हा चिन्ह गेलं तर पक्षाचं तोंडच गेलं असं कार्यकर्ते म्हणतात त्यात फार अतिशयोक्ती नाही.

अलिबाग आणि सांगोला

घरातून उचललेल्या निष्ठेचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे शेतकरी कामगार पक्ष. राज्यात सत्ता कधी स्वतःच्या जोरावर आली नाही, तरी दोन ठिकाणी हा पक्ष पिढ्यानपिढ्या टिकला, रायगडात अलिबाग पट्ट्यात आणि सोलापूर जिल्ह्यात सांगोल्यात. अलिबागचं मूळ पक्षाच्याही आधीचं आहे. १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांच्या विरोधात जमीन कसायचीच नाही असा संप केला आणि तो १९३९ पर्यंत चालला. नारायण नागू पाटील पुढे होते, डॉ. आंबेडकरांचा पाठिंबा होता. सहा वर्षं स्वतःच्या हाताने पिकवलेलं सोडून लोकांनी लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून पोट भरलं. ज्या घराने हे भोगलं त्या घरात नंतर शेकापचा लाल बावटा म्हणजे जाहीरनामा राहत नाही, आजोबांची गोष्ट होते. केशवराव जेधे, शंकरराव मोरे वगैरे मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली आणि शेकाप उभा राहिला तेव्हा इथे जमीन तयारच होती.

सांगोल्याची गोष्ट उधारीच्या वहीची जास्त आहे. गणपतराव देशमुख १९६२ पासून ११ वेळा तिथून आमदार झाले, फक्त १९७२ आणि १९९५ ला पडले, त्यातही १९९५ ला १९२ मतांनी. दुष्काळी तालुका, एसटीने फिरणारा आमदार, सूतगिरणी, पाण्यासाठी वर्षानुवर्षं चाललेल्या परिषदा आणि मोर्चे. तालुक्यात धनगर समाज मोठा आणि गणपतराव त्याच समाजातले, हेही आहेच, ते लपवून काही उपयोग नाही. पण नुसत्या जातीवर ११ वेळा कुणी येत नाही. २०१९ ला ते थांबले, नातू उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख निवडून आले आणि अख्ख्या विधानसभेत शेकापचा एवढा एकच आमदार. आता ही निष्ठा पक्षाशी की घराशी? बाहेरच्याला हा प्रश्न पडतो, सांगोल्याच्या माणसाला बहुतेक पडत नसावा.

ऊस कुठे जातो

रजनी कोठारी यांनी १९६४ मध्ये "काँग्रेस पद्धती" असं ज्याला म्हटलं, म्हणजे एकाच पक्षाच्या पोटात सत्ताधारी पण आणि विरोधक पण, ती पश्चिम महाराष्ट्रात साखरेवर उभी होती. १९५० ला लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना निघाला, मग एकामागे एक निघत गेले, १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, जिल्हा बँका होत्याच. शेतकऱ्याचा उभा ऊस वेळेत तुटला नाही तर वजन घटतं, म्हणजे तोड कधी येणार ते ज्याच्या हातात त्याचा पक्ष तो आपला पक्ष, इतका साधा हिशेब. ह्याला लाचारी म्हणणारे म्हणतात, मला तो व्यवहार वाटतो. फियोरिनांची वही इथे खरोखरची वही आहे, वजनकाट्यावरची पावती आणि बिलाचा हप्ता.

म्हणूनच कारखान्याचा चेअरमन पक्ष बदलतो तेव्हा तालुकाही फारसा न कुरकुरता बदलतो. विखे पाटील घराणं काँग्रेसमधून शिवसेनेत गेलं, परत काँग्रेसमध्ये आलं, राधाकृष्ण विखे २०१९ ला भाजपमध्ये गेले आणि शिर्डीत निवडून येत राहिले. निष्ठा होतीच, फक्त ती झेंड्यावर नव्हती.

शाखा

मुंबई-ठाण्यात कारखान्याची जागा शाखेने घेतली. शिवसेना १९ जून १९६६ ला निघाली, मुद्दा मराठी पोरांच्या नोकऱ्यांचा होता, आणि नंतर बँका, विमान कंपन्या, सरकारी ऑफिसं यांत स्थानीय लोकाधिकार समित्यांनी भरतीसाठी दबाव आणला, त्यातून ज्याला नोकरी लागली त्याचं घर शिवसेनेशी कायमचं बांधलं गेलं. बाकी रोजचं काम शाखेत, बाहेर फळ्यावर खडूने लिहिलेल्या सूचना, आत शाखाप्रमुख, नळाला पाणी नाही, शाळेत ॲडमिशन नाही, ॲम्ब्युलन्स पाहिजे, नवरा पिऊन मारतो, सगळं तिथेच. सरकारी ऑफिसात चार खेटे मारण्यापेक्षा शाखेतून एक फोन, ही सवय लागली की निवडणुकीत वेगळं समजवावं लागत नाही. धाक पण होता हे सांगितल्याशिवाय नोंद पूर्ण होत नाही. शाखेच्या विरोधात वस्तीत उघड बोलणं सोपं नव्हतं.

निळा झेंडा

निष्ठा आहे पण पक्षच सापडत नाही, असंही होतं. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात स्थापन झाला, बाबासाहेब गेल्यानंतर वर्षाच्या आत, आणि मग त्याचे इतके गट झाले की मोजणारा थकेल. १९९८ ला गट एकत्र येऊन काँग्रेसबरोबर लढले तर प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे असे चार खासदार निवडून आले, आणि पुन्हा वेगळे झाले. मतदार मात्र निळ्या झेंड्यापासून हलला नाही. इथे माणूस पक्षाशी नाही, पक्षाने जे व्हायला पाहिजे होतं त्याच्याशी जोडलेला आहे.

गोवा, १९६७

मुद्दा एक आणि पक्ष दुसरा हे बघायचं तर गोव्यासारखं उदाहरण नाही. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो, चिन्ह सिंह, नावातच महाराष्ट्रात विलीन व्हायचं ठरलेलं. १९६३ ला दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले, समोर विलीनीकरण नको म्हणणारा युनायटेड गोवन्स पक्ष. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला, विलीनीकरणाला फूल आणि वेगळं राहायला दोन पानं अशी चिन्हं, आणि फूल ३४,०२१ मतांनी हरलं. ज्या कामासाठी पक्ष निघाला तेच लोकांनी नाकारलं, तेव्हा दुकान बंद व्हायला पाहिजे. तर दोनच महिन्यांनी विधानसभा निवडणूक झाली आणि मगोच परत सत्तेत, बांदोडकरच परत मुख्यमंत्री. कारण बहुजन समाजाला मगो म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या समोर ताठ उभं राहायची सोय होती, गावात निघालेली मराठी शाळा होती, आणि भाऊसाहेब, म्हणजे बांदोडकर, आपले होते. विलीनीकरण नको, पण पक्ष आपलाच. ह्यात विसंगती दिसते ती आपल्याला.

फूट पडल्यावर

जून २०२२ ला शिवसेना फुटली, जुलै २०२३ ला राष्ट्रवादी, आणि महाराष्ट्रातल्या मतदाराला एकदम सांगावं लागलं की त्याचा पक्ष म्हणजे काय, नाव, चिन्ह, घराणं, का तो रोज भेटणारा आमदार. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदेंना दिलं, उद्धव ठाकरेंकडे मशाल राहिली. खरं तर धनुष्यबाण काही अनादिकाळापासून नव्हता, तो १९८९ चा, १९८५ ला छगन भुजबळ माझगावातून मशालीवरच निवडून आलेले, पण तीस-पस्तीस वर्षं पुरेशी असतात. ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीचं घड्याळ अजित पवारांना गेलं आणि शरद पवारांना तुतारी वाजवणारा माणूस मिळाला.

मतदाराने उत्तर काय दिलं? २०२४ च्या लोकसभेला ठाकरे ९ शिंदे ७, शरद पवार ८ अजित पवार १. सहा महिन्यांनी विधानसभेला शिंदे ५७ ठाकरे २०, अजित पवार ४१ शरद पवार १०. तीच माणसं, तोच जिल्हा, आणि दोन्ही वेळा टीव्हीवर "खरा पक्ष कुणाचा हे जनतेने सांगितलं" असं छातीठोक सांगणारे लोक होते.

त्याच लोकसभेत अपक्षांच्या चिन्हांच्या यादीत एक नुसती तुतारी पण होती, वाजवणारा माणूस नसलेली, जिला लोक पिपाणी म्हणायला लागले. दिंडोरीत ती ज्या अपक्षाला मिळाली त्याचं आडनाव पण शरद पवारांच्या उमेदवाराचंच, भगरे, आणि त्याला १ लाखाच्या वर मतं पडली, तरी भास्कर भगरे निवडून आले. साताऱ्यात शरद पवारांचे शशिकांत शिंदे भाजपच्या उदयनराजेंकडून ३२,७७१ मतांनी पडले आणि तिथल्या पिपाणीवाल्या अपक्षाला ३७,०६२ मतं होती.