राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार: ठाणे-नवी मुंबईच्या शिक्षकांनी अर्ज कसा करावा

या पुरस्कारासाठी 2018 पासून शिक्षक स्वतःच ऑनलाइन अर्ज करू शकतात. वरून कुणी नाव सुचवण्याची गरज नाही. तरी आपल्याकडचे कितीतरी मेहनती शिक्षक 'आपला कुठे नंबर लागणार' म्हणत अर्जच भरत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

पात्रता: शाळेत नियमित नेमणुकीवर असलेले शिक्षक किंवा मुख्याध्यापक, किमान 10 वर्षे सेवा. कंत्राटी शिक्षक, शिक्षण विभागाचे अधिकारी आणि खासगी शिकवण्या घेणारे चालत नाहीत.

जिल्हा निवडताना नवी मुंबईकरांनी जपून. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांचे अर्ज जिल्हा निवड समितीकडे जातात. सीबीएसईच्या खासगी शाळांसाठी मात्र त्या मंडळाची वेगळी समिती असते.

आता खरा मुद्दा. शिक्षकाचं काम केवळ निकालाच्या टक्क्यांवर जोखलं जात नाही, आणि ते योग्यच आहे. शहापूर-भिवंडीकडे वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबांची मुलं वर्षाच्या मधेच वर्गात येतात. त्यांची तुलना शहरातल्या वर्गाशी कशी करणार? म्हणून गोपनीय अहवाल (वरिष्ठांनी शिक्षकाच्या वर्षभराच्या कामाबद्दल लिहिलेला), नियमित हजेरी, प्रशिक्षणं आणि लोकसहभाग यांना थोडे गुण असतात. बहुतेक गुण प्रत्यक्ष कामगिरीला. मुलांच्या शिकण्यात काय फरक पडला, कोणता नवोपक्रम केला, शैक्षणिक साहित्य कसं वापरलं, सहशालेय उपक्रम कोणते घेतले, हे सगळं तपासलं जातं.

अर्जासोबत कामाचा पोर्टफोलिओ अपलोड करायचा असतो: कागदपत्रं, उपक्रमांचे अहवाल, क्षेत्रभेटी, फोटो, ऑडिओ-व्हिडिओ. इथेच बरेच अर्ज पडतात. सत्काराचे, फीत कापल्याचे फोटो ढीगभर, आणि मुलं शिकल्याचा पुरावा एकही नाही! त्यापेक्षा वाचनाच्या नोंदीचं एक पान लावा. जूनमध्ये अक्षरांवर अडलेली मुलगी मार्चमध्ये परिच्छेद वाचते, तारखेसह, मुख्याध्यापकांच्या सहीनिशी. असा कागद जूनपासूनच नोंद ठेवली तरच हाती असतो. अर्ज भरायच्या आठवड्यात तो तयार करता येत नाही, करूही नये. माहिती खरी असल्याचं हमीपत्र द्यावं लागतं आणि खोटं आढळलं तर शिस्तभंगाची कारवाई होते.

जिल्हा समितीचे अध्यक्ष शिक्षणाधिकारी असतात. जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेले एक शिक्षणतज्ज्ञही त्यात असतात. समिती माहितीची प्रत्यक्ष पडताळणी करून जास्तीत जास्त तीन नावं राज्याकडे पाठवते. राज्याच्या यादीतून पुढे राष्ट्रीय परीक्षक मंडळ निवड करतं आणि तिथे उमेदवाराला आपलं काम मांडावं लागतं.

पुरस्कारात प्रमाणपत्र, 50,000 रुपये आणि रौप्यपदक असतं. मुदत दरवर्षी शिक्षण मंत्रालय जाहीर करतं, साधारण जून-जुलैच्या सुमारास. शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात, प्रवेशाची धांदल असते. म्हणून सेवापुस्तकातला नेमणुकीचा दिनांक आणि मागच्या वर्षांच्या गोपनीय अहवालांच्या प्रती मे महिन्यातच काढून ठेवा.