प्रोसेसरचा अतिवापर

संगणकावर फारसे काम चालू नसतानाही प्रोसेसर बराच वेळ ८०-१०० टक्के व्यग्र राहतो, पंखा घोंघावतो, माउसचा बाण अडखळतो. ही प्रोसेसरच्या अतिवापराची लक्षणे. मोठी फाइल उघडताना आकडा क्षणभर १०० ला भिडला तर तो बिघाड नव्हे.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. सीपीयूच्या (म्हणजे प्रोसेसरच्या) रकान्यावर क्लिक केले की सर्वांत जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो. पण आकडे चकवतात. ‘सिस्टम आयडल प्रोसेस’समोर ९५ दिसले, तर प्रोसेसर तेवढा रिकामा बसला आहे असा अर्थ. उलट, विंडोजला चार लॉजिकल प्रोसेसर, म्हणजे एकाच वेळी काम करू शकणारे चार भाग, दिसणाऱ्या यंत्रात एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर, अडकलेला प्रोग्राम २५ टक्क्यांवरच थांबतो आणि तरीही हँग झालेला असतो. मॅकवर एका कोअरचे (प्रोसेसरमधल्या एका गाभ्याचे) १०० धरतात, त्यामुळे तिथे २५० दिसले तरी दचकायला नको.

ब्राउझरचे ढीगभर टॅब, अँटीव्हायरसची तपासणी, विंडोजचे अपडेट ही नेहमीची कारणे. महिनाभर बंद असलेले यंत्र सुरू केल्यावर तास-दोन तास धापा टाकणारच. अपडेट मध्येच तोडले तर ते पुढच्या वेळी पुन्हा सुरू होते. अनोळखी नावाचा प्रोग्राम सतत वर दिसला, तर राइट क्लिक करून त्याची फाइल कुठे आहे ते पाहावे. चोरून क्रिप्टो मायनिंग करणारे, म्हणजे तुमच्या यंत्रावर दुसऱ्यासाठी आभासी चलन कमावणारे व्हायरस असेच सापडतात.

सांगलीच्या मार्केट यार्डात मात्र आधी कॅबिनेट उघडावे. हळदीचे सौदे सुरू झाले की अडतीच्या गाळ्यात भुकटी आणि पोत्यांचे तंतू उडतात, हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता शोषून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांत पिवळी गादी बसते. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. मग पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब) काढायचे तेच सॉफ्टवेअर जास्त वेळ घेते आणि टक्केवारी चढीच राहते. अशा वेळी ‘फॉरमॅट मारून घ्या’ हा दुकानातला ठरलेला सल्ला निरुपयोगी. विजेची वायर काढून, पंख्याचे पाते पेन्सिलीने अडवून ब्लोअर मारावा. हवेने पंखा गरगर फिरू दिला तर बेअरिंग खराब होऊ शकते. तरीही तापत असेल, तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावतात. लॅपटॉप गादीवर ठेवला की खालची जाळी बंद होते आणि धूळ नसतानाही हेच घडते.