आंद्रेईनी, व्हिर्जिनिया राम्पोनी
(१५८३ – सु. १६३०). इटालियन अभिनेत्री व गायिका. रंगमंचावरील नाव ‘फ्लोरिंदा’. कॉमेदिया देल्लार्ते या व्यावसायिक नाट्यपरंपरेतील ‘फेदेली’ मंडळीची ती प्रमुख नायिका होती. इटालियन संगीतकार क्लाउद्यो मोंतेव्हेर्दीच्या ‘आरियान्ना’ (१६०८) या ऑपेराची मुख्य भूमिका रंगमंचावर प्रथम तिनेच केली. या ऑपेराचे संगीत हरवले असून नायिकेचा विलाप तेवढा उरला आहे. तो विलाप व व्हिर्जिनियाची अभिनयशैली यांचा संबंध हा तिच्याविषयीच्या अभ्यासातील सर्वांत चर्चिला गेलेला विषय आहे.

जन्मस्थान बहुधा मिलान. जन्मतारीख १ जानेवारी १५८३ अशी काही संदर्भग्रंथ देतात. बालपण व संगीतशिक्षण यांविषयी विश्वसनीय माहिती फार थोडी आहे. मात्र १६०८ मध्ये तिच्यावर जे काम सोपवले गेले त्यावरून ती आधीपासून तयारीची गायिका होती, हे उघड आहे. १६०१ मध्ये तिचा विवाह नट व नाटककार जोव्हान बात्तिस्ता आंद्रेईनी (१५७६–१६५४) याच्याशी झाला. जोव्हान बात्तिस्ता हा ‘जेलोसी’ या नामांकित मंडळीच्या फ्रांचेस्को व इझाबेला आंद्रेईनी या नटदांपत्याचा मुलगा. इझाबेलाने १५८९ मध्ये फ्लॉरेन्सच्या राजविवाहप्रसंगी वेडाच्या भरात बोलणाऱ्या व गाणाऱ्या नायिकेचा प्रवेश करून मोठी कीर्ती मिळवली होती. १६०४ मध्ये ल्याँ येथे तिचे निधन झाले आणि जेलोसी मंडळी विसर्जित झाली. सासूची जागा पुढे सुनेने घेतली.

‘फ्लोरिंदा’ हे नाव पतीने लिहिलेल्या त्याच नावाच्या शोकांतिकेवरून पडले, असे सामान्यतः मानतात. या नाटकाची १६०४ ची आवृत्ती सदोष छपाईमुळे लेखकाने नष्ट केली व १६०६ मध्ये मिलानहून दुसरी काढली. त्यामुळे नाटकावरून नाव की नावावरून नाटक, असा प्रश्न काहींनी उपस्थित केला आहे. नायिकेचे रंगनाव कायम ठेवून संहिता तिच्या मापाने लिहायची, ही जोव्हान बात्तिस्ताची पुढील सवय पाहता दुसरी शक्यताही अगदीच टाकाऊ नाही.

फेदेली मंडळीला उत्तर इटलीतील मांतुआचा ड्यूक व्हिंचेंझो गोन्झागा याचा आश्रय होता. अशा मंडळीत साधारण दहा-बारा नट असत : प्रेमिकांच्या दोन जोड्या, दोन म्हातारे (व्यापारी पांतालोने व पढीक डॉक्टर), दोन नोकर, एक बढाईखोर कप्तान व एक दासी. म्हातारे व नोकर मुखवटे घालत. प्रेमिकांचे चेहरे उघडे असत. त्यामुळे नायिकेच्या मुद्राभिनयाला व आवाजाला विशेष महत्त्व होते. बहुतेक खेळांना लिखित संवाद नसत. तीन अंकांचा प्रवेशक्रम तेवढा ठरलेला असे आणि त्याचा कागद पडद्यामागे लावलेला असे. संवाद उत्स्फूर्त असले तरी ते शून्यातून येत नसत. प्रत्येक नट आपल्या भूमिकेला साजेसे विलाप, शाप, रुसवे व प्रेमाराधनेची भाषणे वहीत उतरवून पाठ करी आणि प्रसंग पाहून जोडी. पुढील घटना समजण्यासाठी पाठांतराची ही पद्धत ध्यानात घेणे आवश्यक आहे.

१६०८ मध्ये युवराज फ्रांचेस्को गोन्झागा व सॅव्हॉयची मार्गारिता यांच्या विवाहोत्सवासाठी ‘आरियान्ना’ बसवले जात होते. संहिता ओत्ताव्ह्यो रिनुच्चिनीची. क्रीटची राजकन्या अ‍ॅरिअ‍ॅड्नी (इटालियनमध्ये आरियान्ना) हिला तिचा प्रियकर थीसियस बेटावर सोडून जातो, ही ग्रीक कथा तिचा आधार आहे. नायिकेच्या भूमिकेसाठी कातेरिना मार्तिनेल्ली ही रोमहून आणलेली तरुण गायिका ठरली होती. ती मोंतेव्हेर्दीच्याच घरी राहून शिकत होती. मार्च १६०८ मध्ये देवीच्या साथीत तिचा मृत्यू झाला. त्या वेळी संगीतरचना जवळजवळ पूर्ण झाली होती आणि दुसरी गायिका तयार करायला वेळ नव्हता. तेव्हा व्हिर्जिनियाचे नाव पुढे आले. त्याच महिन्यातील एका दरबारी पत्रानुसार तिने सहा दिवसांत भूमिका तोंडपाठ केली आणि तिचे गाणे ऐकून डचेस (ड्यूकची पत्नी) व रिनुच्चिनी दोघेही थक्क झाले. हा सहा दिवसांचा आकडा अतिशयोक्त मानण्याचे कारण नाही. पद्यमय भाषणे झपाट्याने पाठ करणे हा तिच्या व्यवसायाचाच भाग होता.

२८ मे १६०८ रोजी मांतुआच्या राजवाड्यात मुद्दाम उभारलेल्या रंगगृहात प्रयोग झाला. उत्सवाचा अधिकृत वृत्तांत फेदेरिको फोल्लीनोने लिहिला. तो प्रेक्षकसंख्या सहा हजारांवर सांगतो. ही संख्या सावधपणेच घ्यावी. विलापाच्या वेळी डोळे ओले न झालेली स्त्री सभागृहात नव्हती आणि गायनाला व्हिओल (गजाने वाजवण्याचे जुने तंतुवाद्य) व व्हायोलिन यांची साथ होती, हे त्याने नोंदवले आहे. साथीविषयीची ही माहिती महत्त्वाची आहे, कारण पुढे छापलेल्या प्रतीत फक्त गायनाची ओळ व खर्जाची ओळ दिलेली आहे.

विलाप नेमका कोणासाठी रचला, याबद्दल दोन मते आहेत. फेब्रुवारीअखेरीस डचेसने नाटक फार कोरडे वाटते अशी तक्रार केल्याचे व त्यात भर घालण्याचे ठरल्याचे पत्रांवरून दिसते. यावरून विलाप ही व्हिर्जिनियाच्या आगमनानंतर, तिच्या कसबाकडे पाहून केलेली भर असावी, असे एक मत मांडले गेले. दुसऱ्या मताप्रमाणे तो मूळ आराखड्यातच होता. रिनुच्चिनीच्या छापील संहितेत विलापाच्या खंडांमध्ये कोळ्यांचे समूहगान गुंफलेले आहे आणि हा प्रवेश काढल्यास कथेला मध्यच उरत नाही. त्यामुळे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. मात्र शेवटचा हात व्हिर्जिनियाचा आवाज ऐकून फिरवला असणे सहज शक्य आहे.

रचनाच त्याला पुष्टी देते. दरबारी गायिकांची ख्याती ज्या वेगवान तानांवर होती त्या येथे जवळजवळ नाहीत; बहुतेक ठिकाणी एका अक्षराला एकच स्वर आहे. आवाकाही माफक आहे. ‘लाश्यातेमी मोरीरे’ (मरू द्या मला) हे पालुपद अर्ध्या स्वराच्या चढाने सुरू होते व पहिल्या खंडाच्या शेवटी परतते. पुढे नायिका थीसियसला नावाने हाक मारते, मग वादळांनी व सागरातील महाकाय जीवांनी त्याला गिळावे असा शाप देते आणि लगेच थांबून ते आपण नव्हे, आपले दुःख बोलले, असे म्हणते. शापापासून पश्चात्तापापर्यंतची ही उलथापालथ कॉमेदियातील नायिकांच्या वेडाच्या प्रवेशांना फार जवळची आहे. म्हणूनच हा विलाप सम लयीत, मात्रा मोजत गायला की निस्तेज होतो. बोलण्याचा वेग शब्दाशब्दाला बदलला पाहिजे आणि खर्जाची साथ करणाऱ्याने गायिकेच्या मागून गेले पाहिजे. आजच्या प्रयोगांत समूहगान गाळलेले असते; त्यामुळे थांबण्याच्या जागा जातात आणि भावपालट एकापाठोपाठ आदळतात, हा विलापाच्या छापील स्वरप्रतीचा दोष आहे, गायिकेचा नव्हे.

मोंतेव्हेर्दीने १६१४ मध्ये या विलापाचे पाच आवाजांसाठी केलेले माद्रिगालरूप (माद्रिगाल म्हणजे अनेक आवाजांत गायचे लौकिक गीत) प्रसिद्ध केले. एकल रूप १६२३ मध्ये व्हेनिस येथे छापले गेले. पुढे त्याच स्वरांवर मेरीमातेच्या शोकाचे लॅटिन शब्द बसवले गेले. १६१६ च्या एका पत्रात त्याने लिहिले आहे, की आरियान्ना लोकांना भिडली कारण ती एक स्त्री होती. त्याच विवाहोत्सवातील ‘बाल्लो देल्ले इंग्राते’ या नृत्यनाट्याचे अखेरचे करुण गीतही व्हिर्जिनियाने गायिले असावे. कवी जांबात्तिस्ता मारीनोने ‘अदोने’ (१६२३) या महाकाव्यात आरियान्नाच्या भूमिकेतील फ्लोरिंदाचा गौरवाने उल्लेख केला आहे.

पतीच्या अनेक नाटकांतील नायिकेचे नाव फ्लोरिंदाच आहे. ‘लो स्क्याव्हेत्तो’मध्ये (१६१२) ती मुलाच्या वेषात वावरते. ‘आमोर नेल्लो स्पेक्क्यो’मध्ये (पॅरिस, १६२२) प्रथम आरशातील स्वतःच्या प्रतिबिंबावर व नंतर लीदिया नावाच्या स्त्रीवर तिचे प्रेम बसते. लीदियाची भूमिका मंडळीतील दुसरी नटी व्हिर्जिनिया रोतारी करी. जोव्हान बात्तिस्ताचे या रोतारीशी असलेले प्रेमसंबंध सर्वज्ञात होते. १६१७ मध्ये मांतुआत ‘ला माद्दालेना’ हे धार्मिक नाटक झाले; त्याच्या प्रस्तावनागीताचे संगीत मोंतेव्हेर्दीचे होते. मुख्य भूमिका व्हिर्जिनियाची असल्याचे मानले जाते.

राणी मारी द मेदिचीच्या निमंत्रणावरून मंडळी १६१३-१४ मध्ये पॅरिसला गेली व १६२० नंतरच्या वर्षांतही तेथे तिचे प्रयोग झाले. १६२७-२८ च्या सुमारास मंडळी प्राग व व्हिएन्ना येथे होती. यानंतर व्हिर्जिनियाचा माग लागत नाही. १६३० मध्ये मांतुआची लूट झाली व उत्तर इटलीत प्लेग पसरला; तिचा मृत्यू या साथीत झाला असावा हा केवळ तर्क आहे. पुढे जोव्हान बात्तिस्ताने व्हिर्जिनिया रोतारीशी विवाह केला.